काळीतली बाहुली, पांढरीतली बाहुली

जुन्या बाहुल्या जमविणे आणि त्यांची ओळख पटविणे हा छंद पाश्चात्त्य जगात आता जवळजवळ शास्त्राच्या पायरीला पोहोचला आहे. तेथील संग्राहक बाहुली हाती आली की आधी तिचा चेहरा पाहत नाही. केसांचा टोप उचलून मानेची मागची बाजू पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी जर्मनीच्या थुरिंगिया भागात बिनझिलईच्या चिनी मातीची, म्हणजे संग्राहक ज्याला बिस्क म्हणतात त्या मातीची, बाहुल्यांची डोकी मोठ्या प्रमाणावर तयार होत. आर्मां मार्सेय, सिमोन उंड हालबिग अशा कारखान्यांची नावे, त्यांची आद्याक्षरे आणि साच्याचा क्रमांक मानेवर कोरलेला असे. अमेरिकेने १८९० साली केलेला आयातकराचा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक झाले. म्हणून मानेवर 'जर्मनी' असे असेल तर ते डोके बहुधा १८९१ नंतरचे. सेल्युलॉइडच्या बाहुलीवर कासवाची खूण असेल तर ती एका विशिष्ट जर्मन कारखान्याची. 'ताब्यातील जपान' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, आणि जपान दोस्तांच्या अमलाखाली होता त्या, म्हणजे १९५२ पर्यंतच्या, काळातली. एकूण काय, या बाहुल्या आपला जन्मदाखला मानेवर घेऊनच हिंडतात.

हीच पद्धत घेऊन कोणी मराठवाड्यात उतरला तर मात्र त्याची पंचाईत होईल. आम्ही ज्या सेनगाव तालुक्यातून हे लिहीत आहोत तो १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला तोवर परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. येथे बाहुल्यांचे संग्रहालय नाही. येथील बाहुलीला कारखाना नव्हता, साच्याचा क्रमांक नव्हता आणि मान उलटी करून पाहावी अशी खूणही नव्हती. मग येथे बाहुल्यांचा इतिहास नाही असे म्हणावयाचे काय? आमच्या मते इतिहास आहे. मात्र तो वाचण्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आज संग्रहांत दिसणाऱ्या बाहुल्या या पूर्वी असलेल्या बाहुल्यांचा नमुना नव्हेत. त्या केवळ टिकलेल्या बाहुल्या आहेत. कोणती बाहुली टिकली आणि कोणती टिकू शकत नव्हती, हा प्रश्न ओळख पटविण्याच्या आधीचा आहे.

मराठी गावगाड्याची विभागणी 'काळी' आणि 'पांढरी' या दोन शब्दांत होते. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती, चुना, शेण यांनी वस्तीची माती पांढुरकी होते आणि तिचे टेकाड उंच होत जाते. शेतकरी ही माती खत म्हणून उकरून नेतात, आणि त्या उकरण्यात खापरे, मणी, नाणी आणि कधीकधी बाहुल्या वर येतात. महाराष्ट्रातील प्राचीन बाहुल्यांविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते बरेचसे पांढरीने दिलेले आहे. काळीने कापूस दिला आणि त्या कापसाची बाहुली झाली, तिच्याविषयी आपल्याला काय ठाऊक आहे, हे पुढे पाहू.

प्राचीन बाहुल्यांची द्रव्यवार यादी शोधू गेल्यास ती अनपेक्षित जागी सापडते. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या तिसऱ्या अधिकरणात, कन्येचा विश्वास संपादन करू पाहणाऱ्या नायकाने तिला कोणकोणती खेळणी द्यावीत हे सांगताना बाहुल्यांची सात द्रव्ये येतात: सूत, लाकूड, म्हशीचे शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती. ग्रंथ साधारणतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानला जातो. म्हणजे आपल्याकडील सातवाहनांच्या अखेरीच्या आसपासचा. बाहुलीसाठी तेथे वापरलेला शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे: दुहितृका, अर्थात 'लहानगी लेक'. ही यादी संग्राहकाने नव्हे तर खेळणे देणाऱ्याच्या दृष्टीने केली आहे. म्हणून तिच्यात टिकाऊ-नाशवंत असा भेद नाही, पिठाची बाहुली आणि हस्तिदंताची बाहुली शेजारी शेजारी बसल्या आहेत. आमच्या विवेचनासाठी हीच यादी मोजपट्टी म्हणून घेऊ. सातांपैकी मराठवाड्याच्या पांढरीने आपल्या हाती प्रामुख्याने दोनच दिल्या: मातीची आणि हस्तिदंताची.

या दोन्ही एकत्र पाहावयाच्या तर धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील तेर येथे जावे लागते. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. ते तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादन केले. मात्र तेरच्या बाहुल्या जपल्या त्या परदेशी विद्वानाने नव्हे, तर गावच्याच एका छांदिष्टाने. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघणाऱ्या हजारो वस्तू जमविल्या, आणि त्यांच्याच संग्रहातून तेरचे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय उभे राहिले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून असेच संग्रहालय झाले. मराठवाड्यातील प्राचीन बाहुल्यांचा छंद म्हणावा तर तो हा. त्याला लिलाव नव्हता, किंमतीच्या सूच्या नव्हत्या. गावात निघालेली वस्तू गावाबाहेर जाऊ नये एवढाच आग्रह होता. आमच्या मते ओळख पटविण्याच्या दृष्टीने हा आग्रह सर्वांत मोलाचा ठरला. कारण वस्तूचा थर नोंदलेला नसला तरी तिचे गाव निश्चित राहिले. पुढे १९५८ साली चापेकर यांच्या देखरेखीखाली आणि नंतरही तेरला उत्खनने झाली तेव्हा थरांवरून मिळालेला काळ आणि या संग्रहातील वस्तू यांची सांगड घालता आली.

मातीच्या बाहुलीच्या मानेवर शिक्का नसला तरी तिच्या अंगावर कारागिराच्या हाताची खूण असते. तेर, पैठण, नेवासे, भोकरदन आणि तेलंगणातील कोंडापूर येथे मिळालेल्या सातवाहनकालीन मृण्मय मूर्तींत एक विशिष्ट तंत्र दिसते. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करावयाचे, प्रत्येकात मातीचा पातळ थर दाबावयाचा, मग दोन्ही अर्ध्या जोडून आत पोकळ राहील अशी बाहुली तयार करावयाची. अशा बाहुलीच्या दोन्ही कुशींवर सांध्याची बारीक रेघ असते. मोडलेला तुकडा हाती आला तर आतल्या बाजूस माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. माती पुष्कळदा पांढरी, केओलिनची असते. केशरचना आणि दागिने इतके रेखीव असतात की त्यांवरून त्या काळच्या स्त्रियांच्या वेणीफणीचा अभ्यास करता यावा. रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून हे दुहेरी साच्याचे तंत्र येथे रुळले असे अनेक अभ्यासक मानतात. याउलट हाताने वळलेली बाहुली भरीव असते, नाक चिमटीने काढलेले असते, डोळे काडीने टोचलेले किंवा मातीच्या गोळ्या चिकटवून केलेले असतात. ती फार प्राचीन असू शकते आणि काल-परवाचीही असू शकते. तंत्र साधे असले की त्यावरून काळ सांगता येत नाही, ही मर्यादा छांदिष्टाने पक्की ध्यानात ठेवावी. साच्याच्या बाहुलीची नक्कल मात्र मोजमापाने पकडता येते. मूळ बाहुलीवरून साचा काढून नवी केली तर माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. म्हणून नक्कल मुळाहून किंचित लहान भरते आणि तिचे बारकावे बोथट होतात.

हस्तिदंताची बाहुली ही या कथेतील सर्वांत दूर गेलेली लेक. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ साली अमेदेओ माइयुरी यांना एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची, दोन्ही बाजूंस सेविका असलेली आणि अलंकारांनी लगडलेली ही मूर्ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी नाते सांगणाऱ्या मूर्ती पुढे मराठवाड्यातच दाखविता आल्या. एक तेरच्या संग्रहातील, आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदनची. भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ साली उत्खनन केले, त्यात ती मिळाली. पाँपेईची मूर्ती दख्खनमध्येच घडली असावी असा तर्क या साम्यावरून मांडला गेला. येथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. पाँपेईच्या मूर्तीचे घर माहीत आहे, ती गाडली गेल्याचे वर्षही माहीत आहे; पण ती घडली कोठे हे ठरविण्यासाठी भोकरदनच्या उत्खननातील एका तुकड्याची साक्ष काढावी लागते. हाच तुकडा खड्ड्यातून परस्पर दुकानात गेला असता तर तो एक सुबक हस्तिदंती नग एवढाच उरला असता.

पण थांबावे. या सगळ्यांना आम्ही 'बाहुली' म्हणत आलो, ते कितपत योग्य? पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लहानशा आसनाचा पाय असावा, असे तर्क झाले आहेत. खेळण्याची म्हणून निश्चित ओळखता येणारी हस्तिदंती बाहुली कशी असते हे पाहावयाचे तर रोमकडे वळावे. तेथे १८८९ साली टायबरच्या काठी पाया खणताना क्रेपेरेया त्रिफेना नावाच्या तरुणीची शवपेटी निघाली. ती दुसऱ्या शतकातली आहे. पेटीत तिच्याबरोबर ठेवलेल्या बाहुलीचे हातपाय सांध्यांत हलतात. सांधे हलतात याचा अर्थ तिला बसविता येते, कपडे घालता येतात, तिच्याशी खेळता येते. आपल्या यक्षीचे हात अंगाशी घट्ट कोरलेले आहेत. दागिने तिच्या देहाचाच भाग आहेत, ते काढता-घालता येत नाहीत. तेव्हा खेळणे आणि मूर्ती यांतील भेद आकारावरून नव्हे, तर हाताळणीच्या शक्यतेवरून करावा लागतो.

मातीच्या बाबतीत हा भेद आणखी बिकट होतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतील एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेले मातीचे पात्र मिळाले, आणि त्याच्यासोबत कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती व बैल; त्यांतील एका स्त्रीमूर्तीला डोकेच नव्हते. तीच मूर्ती एकटी, बाजारात, टोपलीत दिसली असती तर कोणीही तिला मोडकी बाहुली म्हणून बाजूस सारले असते. ती मुद्दाम पुरली होती, झाकली होती, बैलाशेजारी होती, म्हणून तिला देवी म्हणता आले. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या 'लज्जागौरी' या ग्रंथात शीरविहीन मातृमूर्तींचा जो शोध घेतला त्याची पद्धत साहित्याच्या अभ्यासकांनी पुन्हा एकदा या नजरेने वाचावी. मूर्ती, स्थळनाम, विधी आणि शब्द यांना एकमेकांची साक्ष काढावयास लावणे, ही ती पद्धत. बाहुली ओळखण्याच्या कामी ती जर्मन मानेवरच्या क्रमांकाहून अधिक उपयोगी आहे.

तिसरे द्रव्य लाकूड. ते पांढरीत टिकत नाही. वाळवी आणि ओल त्याचा फडशा पाडतात. म्हणून लाकडी बाहुल्यांचा आपला प्रत्यक्ष पुरावा अलीकडच्या दोन-तीन शतकांपलीकडे फारसा जात नाही, जरी सूत्रावर नाचणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टान्त ज्ञानेश्वरीपासून येत राहिला. महाराष्ट्रात लाकडी बाहुलीचे मोठे नाव सावंतवाडीच्या चितारी कारागिरांचे. हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची, लाखेच्या आणि इतर रंगांनी रंगविलेली त्यांची खेळणी घराघरांत गेली. 'ठकी' हा शब्द एकेकाळी घरच्या मुलीचे नावही होता आणि लाकडी बाहुलीचेही. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा राखली, आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ साली मिळालेल्या पद्मश्रीने ती सर्वांना परिचित झाली. सेनगावच्या बाजूने पाहिले तर मात्र सावंतवाडीपेक्षा निर्मळ जवळ. नांदेडच्या पलीकडे, आता तेलंगणात असलेल्या या गावी हलक्या लाकडाची रंगीत खेळणी करण्याची जुनी परंपरा आहे. मराठवाड्यातील एखाद्या वाड्यात लाकडी खेळणे मिळाले की लगेच 'सावंतवाडी' असे लिहून मोकळे होण्यापूर्वी हैदराबाद संस्थानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा, असे आम्ही सुचवू.

लाकडी आणि इतर खेळणी जपण्याचे मोठे काम पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी केले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा कवी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागला. लहानपणीच गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी आपला संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, दौती यांच्याबरोबर तेथे बाहुल्या आणि खेळणीही आहेत. रोजच्या वापरातील वस्तू संग्रहास पात्र असते, हा विचार मराठी समाजात रुजविण्यात केळकरांचा वाटा फार मोठा आहे. त्याच काळात आमच्या संस्थानाच्या राजधानीत तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, हेही संग्रह करीत होते. १९५१ साली उघडलेल्या सालारजंग संग्रहालयात मुलांच्या खेळण्यांचे स्वतंत्र दालन आहे. हैदराबादच्या देवडीत युरोपातील खेळणी येत होती, आणि १९१४ साली स्थापन झालेले याच संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली पैठण आणि कोंडापूरला मातीच्या बाहुल्या उकरून काढीत होते. एकाच राज्यात बाहुलीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत्या. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी सेनगावसारख्या गावातील मुलगी खेळत होती. तिची बाहुली देवडीतही गेली नाही आणि खात्याच्या पेटीतही आली नाही.

शिंग, मेण आणि पीठ यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. शिंग हाडासारखे टिकत नाही, जमिनीत झिजून जाते. मेण वितळते, पुन्हा वापरले जाते. पिठाची बाहुली संध्याकाळपर्यंत उरत नाही. पोळ्या लाटताना रडणाऱ्या लेकराच्या हाती दिलेली कणकेची चिमणी हा तिचाच आजचा अवतार. उरले सूत. आणि येथे आमच्या मूळ प्रश्नाची गाठ आहे.

पेरिप्लसचा कर्ता तगरबद्दल सांगतो ते मातीच्या बाहुल्यांविषयी नव्हे, हस्तिदंताविषयीही नव्हे. तो सांगतो की तगरहून भडोचला पुष्कळसे साधे जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांनी येते. म्हणजे ज्या गावची जगाला ओळख कापडाने होती, ज्याच्या घराघरांत चिंध्यांना तोटा नसेल, त्या गावच्या बाहुल्यांत कापडाची एकही बाहुली आपल्यापुढे नाही. वात्स्यायनाच्या यादीत सूत पहिले आहे; संग्रहालयात ते शून्य आहे. कापडाची बाहुली प्राचीन काळी नव्हतीच असे कोणी म्हणू लागले तर त्याला लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील एक बाहुली दाखवावी: रोमन अमलातील इजिप्तमध्ये पहिल्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी तागाच्या कापडाची शिवलेली आणि चिंध्या व पपायरस भरलेली. ती तिकडच्या कोरड्या वाळूने राखली. आपल्या पावसाळ्याने आणि ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीने तेरच्या चिंधीच्या बाहुलीला ती सवलत दिली नाही.

परंतु हवामान हे अर्धेच कारण आहे. दुसरे कारण घरात आहे. शेतकरी घरात कापडाचा प्रवास ठरलेला असे. नवे लुगडे अंगावर, जुने झाले की त्याची वाकळ, वाकळ विरली की चिंध्या, आणि चिंध्यांचे अखेर पोतेरे. या प्रवासात कोठेतरी, चिंधी आणि पोतेरे यांच्या मध्ये, आजीच्या हातून बाहुली होऊन जात असे. धोतराच्या तुकड्याची गुंडाळी, आत सरकीचा कापूस किंवा आणखी चिंध्या, काळ्या दोऱ्याचे केस, काजळाचे नाहीतर टाक्यांचे डोळे, खणाचा कपटा मिळाला तर चोळी. उन्हाळ्यात तिचे लग्न लागे; शेजारच्या घरचा बाहुला, ज्वारीच्या धांड्यांची गाडी, चार मुलींची वरात. ती फाटली की तिच्यासाठी रडले जाई, पण तिला जपून ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. तिचे कापड पुढच्या कामाला लागे. म्हणून चिंधीची बाहुली नष्ट झाली असे म्हणणेही पूर्णपणे खरे नाही. ती वापरून संपली. संग्रहाची कल्पना वस्तू थांबविण्यावर उभी आहे, आणि या बाहुलीचा स्वभाव पुढे जाण्याचा होता. काळीच्या बाहुलीला पांढरीत जागा मिळाली नाही ती यामुळे.

यात एक सामाजिक अर्थही आहे आणि तो टाळून चालणार नाही. टिकणाऱ्या द्रव्याची बाहुली कारागिराच्या हातची असते: कुंभार, दंतकार, चितारी. तिच्यावर व्यापाराची, नगराची मुद्रा असते. न टिकणाऱ्या सुताची, पिठाची बाहुली बहुधा घरातल्या बाईच्या हातची. आपण संग्रहालयात बाहुल्यांचा इतिहास पाहतो तेव्हा बाजाराचा इतिहास पाहत असतो, आणि ज्या हातांनी सर्वाधिक बाहुल्या केल्या त्यांचे काम त्यात नोंदलेले नसते. मराठी वाङ्मयाच्या वर्गात आपण ओव्यांविषयी हेच शिकवितो: रचणारी अनाम, रचना मौखिक, जपणूक अपघाताने. फरक इतकाच की ओव्या कोणीतरी ऐकून लिहून घेतल्या; बाहुल्यांच्या बाबतीत ते काम व्हावयाचे आहे.

मग छांदिष्टाने करावे काय? पांढरीतून मिळालेल्या बाहुलीबाबत कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. १९७२ चा पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस पुरावशेष मानतो, ठरावीक वर्गांतील वस्तूंची नोंदणी सांगतो, आणि खासगी व्यक्तीने त्या परदेशी पाठविण्यास मनाई करतो. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. जुना असला तरी तो विकत घेण्याच्या वाटेस जाऊ नये. सेल्युलॉइडची जुनी बाहुली घरात असेल तर तळव्याने चोळून तिला कापराचा वास येतो का ते पाहावे, पण तापलेल्या सुईने टोचून परीक्षा करू नये, कारण हे द्रव्य भडकन पेटते. ती थंड, हवेशीर जागी ठेवावी. लाकडी बाहुली पुन्हा रंगवून घेऊ नये; रंगांचे थर हीच तिची वंशावळ आहे. आणि कोणतीही बाहुली विकत घेण्यापूर्वी ती कोणत्या गावातून आली हे विचारावे, उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवावे. जुन्या बाजारात गाव विसरले जाते ते पहिल्याच व्यवहारात.

चिंधीच्या बाहुलीसाठी मात्र वस्तू मिळण्याची वाट पाहता येणार नाही. शब्द जमवावे लागतील. ते काम साहित्याचे विद्यार्थी इतर कोणाहूनही चांगले करू शकतील. आमच्या तालुक्यात, किंवा वाचकांच्या आपापल्या तालुक्यात, सत्तरी ओलांडलेल्या बायकांना विचारण्याचे प्रश्न सोपे आहेत. बाहुलीला घरात काय म्हणत: बाहुली, भावली, ठकी, की आणखी काही? ती कोणी केली? अंग कशाचे, भरण कशाचे, डोळे कशाचे? तिला नाव होते का? तिचे लग्न कोणाच्या बाहुल्याशी लागले? आणि शेवटी तिचे काय झाले? हा शेवटचा प्रश्न संग्राहक सहसा विचारीत नाही, कारण त्याच्यापुढची बाहुली शेवटापर्यंत गेलेलीच नसते.

असे प्रत्येक उत्तर वहीत स्वतंत्र पानावर, संग्रहालयात वस्तूखाली चिठ्ठी लावतात तसे लिहावे. द्रव्य: जुने लुगडे, सरकीचा कापूस, काळा दोरा. कर्ती: आजी, आईची आई. गाव: सेनगाव. काळ: सांगणाऱ्या बाईच्या लग्नाआधीचा. शेवट: चुलीजवळचे पोतेरे. वस्तूची जागा रिकामी राहील. चिठ्ठी पूर्ण असेल. तेरच्या संग्रहालयातील पुष्कळ बाहुल्यांना अशी चिठ्ठी आपण कधीच देऊ शकणार नाही.